कुत्र्याचा खुबा निखळला तर : अपघातापासून पुन्हा चार पायांवर येईपर्यंत

गणपतीत आणि शिमग्याला कोकणातल्या महामार्गावर गाड्यांची रांग लागते, एप्रिल-मेमध्ये आंब्याचे टेम्पो रात्रभर धावतात. रस्त्यालगतच्या वाड्यांमधले कुत्रे त्याच रस्त्यावर वाढलेले. धडक बसलेला कुत्रा बऱ्याचदा स्वतःच उठतो, तीन पायांवर लंगडत घरी येतो, पडवीत कोपऱ्यात बसतो आणि मागचा एक पाय जमिनीला लावत नाही. घरातलं कोणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "काय होवचा नाय, आपसूक बरो होतलो." मुका मार असेल तर होतोही. पण खुबा निखळला असेल तर या वाक्यात जे चार दिवस जातात, तेच उपचाराचे सगळ्यात मोलाचे दिवस असतात.

खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेला मिळतं तो सांधा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. वाटीच्या तळाशी त्याला धरून ठेवणारा एक आखूड बंध असतो, भोवती सांध्याचं आवरण असतं आणि वरून कुल्ल्याचे जाड स्नायू. धडकेत बंध तुटतो, आवरण फाटतं आणि गोळा वाटीबाहेर पडतो. कुत्र्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळणारा सांधा हाच. बहुतेक वेळा गोळा वर आणि पुढे सरकतो, कारण तिथले स्नायू त्याला तिकडेच खेचतात. क्वचित तो खालच्या बाजूला जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पट्टी कोणती बांधायची ते त्यावर ठरतं.

गोळा बाहेर असताना आत काही ना काही बिघडत राहतं. स्नायू आखडतात. रिकाम्या वाटीत रक्ताची गाठ आणि फाटलेल्या आवरणाचे तुकडे भरतात. गोळ्यावरची गुळगुळीत कूर्चा भलत्याच हाडावर घासून झिजते. म्हणून भूल देऊन, बिनकापाकापीचा सांधा बसवायचा असेल तर तो ४८ ते ७२ तासांच्या आत बसवणं उत्तम. चार-पाच दिवस उलटले की ते अवघड होत जातं. कोकणात एक्स-रे आणि भूल या दोन्ही सोयी एकाच ठिकाणी असलेला दवाखाना हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे हे ७२ तास कसे वापरायचे ते आधीच माहीत असलेलं बरं.

पहिला तास

पायाकडे नंतर बघा. गाडीची धडक बसलेल्या कुत्र्याच्या जिवाला धोका असतो तो छातीतून आणि पोटातून, खुब्यातून नाही. ओठ वर करून हिरडी पाहा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी पांढुरकी किंवा निळसर असेल, श्वास पोटातून ओढून घेत असेल, पोट फुगत चाललं असेल, तर वाट न बघता मिळेल त्या पहिल्या पशुवैद्याकडे न्या. खुब्याचं नंतर बघता येतं.

दुखणारा कुत्रा घरच्या माणसालाही चावतो. जुन्या पंचाची किंवा ओढणीची लांब पट्टी घ्या, नाकाभोवती एक वेढा देऊन गाठ हनुवटीखाली आणा आणि टोकं कानांमागे बांधा. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा तोंडातून रक्त येत असेल तर तोंड बांधू नका, डोक्यावर चादर टाका. भटका कुत्रा असेल, किंवा घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल आणि तो चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. आणखी एक. धडक कोणी पाहिलेली नसेल आणि कुत्रा मागून लुळा पडलेला, लाळ गाळणारा, वागण्यात बदललेला असेल, तर तो पाय निखळल्यामुळेच तसा असेल असं धरून चालू नका. रेबीजमध्येही मागचे पाय लुळे पडतात. अशा कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका.

उचलताना कुत्रा दुखऱ्या बाजूवर नाही, चांगल्या कुशीवर हवा. दोघांनी मिळून त्याला गोधडीवर सरकवा आणि गोधडीसकट फळीवर किंवा प्लायवूडच्या तुकड्यावर घ्या. पाय लोंबता ठेवू नका.

आता काय करायचं नाही ते. पाय ओढून बसवायचा नाही. गावात हाड बसवणारी जाणती माणसं असतात आणि माणसाचा खांदा किंवा बोट त्यांनी बसवल्याच्या गोष्टीही खऱ्या असतात. पण कुत्र्याच्या खुब्याभोवतीचे स्नायू भूल दिल्याशिवाय सैल पडत नाहीत. शिवाय आत हाड मोडलेलं आहे का, ते बाहेरून कळत नाही. मोडलेल्या हाडाला दिलेला हिसका मांडीमागून जाणाऱ्या मोठ्या नसेला, म्हणजे मज्जातंतूला, इजा करू शकतो. तेल लावून रगडू नका, गरम शेक देऊ नका. पातळ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवला तर चालतो, तोही कुत्र्याने ठेवू दिला तर.

घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला बाधतं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणसांची गोळी मात्र घरोघरी डब्यात पडलेली असते आणि मायेपोटीच कोणीतरी ती भाकरीत घालून देतं. आधीच गोळी दिली गेली असेल तर पशुवैद्याला ते न लपवता सांगा, कारण त्यावर दुसरं वेदनाशामक लगेच देता येत नाही.

खुबाच निखळलाय हे कसं ओळखायचं

खात्री एक्स-रेनेच होते, पण फोनवर नीट वर्णन करता आलं तर डॉक्टरांनाही ठरवायला सोपं जातं. कुत्रा उभा असताना मागून पाहा. गोळा वर-पुढे सरकलेला असेल तर तो पाय आखूड दिसतो, शरीराखाली आत ओढलेला असतो, गुडघा बाहेर वळलेला आणि टाच आत. कुल्ल्याचं हाड एका बाजूला उंच आल्यासारखं वाटतं. गोळा खाली गेला असेल तर उलट दिसतं : पाय लांब, बाहेर फाकलेला, गुडघा आत वळलेला.

यापलीकडे घरी हाताळू नका. दवाखान्यात डॉक्टर कुल्ल्याचं वर आलेलं हाड आणि बसायचं हाड यांच्यामधल्या खळगीत अंगठा रोवून पाय बाहेर फिरवतात. सांधा जागेवर असेल तर अंगठा बाहेर ढकलला जातो, निखळलेला असेल तर तिथेच राहतो. ही तपासणी त्यांनीच करायची.

पिल्लाच्या बाबतीत गोष्ट वेगळी. साधारण दहा महिन्यांखालच्या कुत्र्याचं हाड वाढीच्या रेषेवर कच्चं असतं. त्यामुळे तशाच धडकेने सांधा निखळण्याऐवजी गोळा हाडापासून सुटतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र पूर्ण निराळा.

तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा : अपघात कधी झाला, त्यानंतर लघवी केव्हा झाली, आणि पायाच्या बोटाला चिमटा घेतल्यावर कुत्रा मागे वळून बघतो का. धडकेत मूत्राशय फुटू शकतं, त्यामुळे दिवसभरात लघवी नाही हे डॉक्टरांना समजायलाच हवं. पावलं उलटी पडत असतील किंवा चिमटा कळत नसेल तर नसेला इजा झालेली असू शकते.

फोन आधी, गाडी नंतर

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिली तपासणी, सलाइन आणि कुत्र्याला चालणारं वेदनाशामक इंजेक्शन मिळतं. तिथे जाणं कधीच वाया जात नाही. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. त्यांचं मुख्य काम गुरांचं, तरी विचारायला हरकत नाही. मात्र सांधा बसवायचा तर एक्स-रे आणि पूर्ण भूल लागते. म्हणून लांब जाण्याआधी फोनवर सरळ विचारा : कुत्र्याचा एक्स-रे तुमच्याकडे निघतो का? पूर्ण भूल देता का? निखळलेला खुबा बसवता का, आणि नाही बसला तर शस्त्रक्रिया तिथेच होईल का? चौथ्या प्रश्नाला नकार आला तरी चालेल, पण तो निघण्याआधी माहीत हवा.

दक्षिण कोकणातून कोल्हापूर, बेळगाव किंवा गोवा जवळ पडतं. चिपळूणच्या बाजूने कुंभार्ली घाट चढून साताऱ्याच्या वाटेने शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं. रायगडातून मुंबई, म्हणजे परळ. तिथलं बैलघोड्याचं इस्पितळ, म्हणजे जनावरांचा मोठा दवाखाना, जुन्या कोकणी माणसांना सांगावं लागत नाही. पावसाळ्यात घाट चालू आहे ना, याची चौकशी करून निघा. दरड कोसळून अडकलात तर दुखणाऱ्या कुत्र्यासह गाडीत रात्र काढावी लागते.

मोठ्या कुत्र्याला भुलेआधी सहा ते आठ तास उपाशी ठेवतात. सकाळी निघणार असाल तर रात्रीच्या जेवणानंतर खायला देऊ नका. पाण्याचं डॉक्टरांना विचारा. पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं.

दवाखान्यात

चांगला डॉक्टर आल्या आल्या खुब्याला हात घालणार नाही. छातीचा एक्स-रे काढेल, सलाइन लावेल, वेदना कमी करेल, कदाचित एक दिवस थांबायला सांगेल. या थांबण्यावर लोक चिडतात. पण फुफ्फुसाला मार लागलेला असताना दिलेली भूल जीव घेऊ शकते. ७२ तासांतले २४ तास यात गेले तरी ते योग्य जागी गेले.

खुब्याचे एक्स-रे दोन बाजूंनी काढतात, एक कुशीवर आणि एक उताणं ठेवून. त्यात वाटीची कड मोडली आहे का, गोळ्याचा तुकडा उडालाय का, आणि सांधा मुळातच उथळ आहे का, हे दिसतं. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात असा उथळ सांधा पुष्कळ आढळतो. यातलं काही असेल तर नुसता बसवलेला सांधा टिकत नाही, थेट शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

सगळं ठीक असेल तर पूर्ण भूल देऊन सांधा बसवतात. मांडीमध्ये दोर किंवा टॉवेल घालून मदतनीस कंबर धरून ठेवतो, डॉक्टर पाय आधी बाहेर वळवून ओढतात आणि मग आत फिरवत गोळा वाटीत सोडतात. बसला की हाताला ठसका जाणवतो. त्यानंतर ते गोळा दाबून धरत सांधा बराच वेळ फिरवत राहतात, म्हणजे वाटीत साचलेलं रक्त आणि चिंध्या बाहेर सरतात. मग पट्टी, आणि पुन्हा एक्स-रे. पट्टी बांधल्यानंतरचा हा एक्स-रे आग्रह धरून काढून घ्या, कारण पट्टी बांधतानाही सांधा सुटू शकतो.

एवढं करूनही साधारण निम्म्या कुत्र्यांचा खुबा पुन्हा निखळतो. यात डॉक्टरांचा दोष नसतो. बंध तुटलेला असतो आणि आवरण भरून येईपर्यंत गोळ्याला जागेवर धरणारं फारसं काही नसतं. तरीही पहिला प्रयत्न बिनशस्त्रक्रियेचा करावा, असं माझं ठाम मत आहे, अर्थात हाड मोडलेलं नसेल तर.

पट्टीचे दिवस

घरच्यांची खरी कसोटी इथे लागते. वर-पुढे निखळलेल्या खुब्याला एहमर पट्टी बांधतात. पाय दुमडून पोटाशी घेतलेला असतो, गुडघा आत आणि टाच बाहेर. म्हणजे निखळताना जी वळणं होती त्याच्या नेमकी उलट. पावलाभोवती फिरलेली चिकटपट्टी मांडीच्या आतून वर येते आणि पाठीवरून फिरून पावलाशी परतते. खाली निखळलेल्या खुब्याला ही पट्टी चालत नाही. तिथे दोन्ही मागचे पाय फाकू नयेत म्हणून एकमेकांना सैल बांधतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा की सांधा कोणत्या दिशेला निखळला होता आणि कोणती पट्टी बांधली आहे. उत्तर कागदावर लिहून घ्या.

एहमर पट्टी साधारण १० ते १४ दिवस ठेवतात. रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीबाहेर आलेली बोटं बघायची. मधल्या दोन बोटांची नखं एकमेकांजवळ असतात. ती फाकायला लागली तर बोटं सुजू लागलीत. बोटं गार लागली, निळसर दिसली, किंवा कुत्रा तिथेच सारखा चावू लागला, तर पट्टी आवळली आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. मांडीच्या पुढच्या बाजूला आणि जांघेत पट्टीची कड घासते. तिथे बोट घालून लाली आहे का पाहा. नर कुत्र्याची लघवी पट्टीवर जात नाही ना, तेही बघा. आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. आंबूस किंवा कुजका वास आला तर आत जखम झाली आहे.

आपल्याकडच्या दमट हवेत हे सगळं दुप्पट वेगाने होतं. ओली पट्टी अंगावर वाळू द्यायची नाही, ती बदलूनच घ्यायची. शू करायला बाहेर नेताना पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि घरात आल्याबरोबर काढा. आत घाम साचतो. पावसात जखमेवर माशी बसली की पाहता पाहता किडे पडतात. दर तीन-चार दिवसांनी पट्टी तपासून घ्यायला जमणार नसेल, तर घरी येण्याआधी तसं सांगा. दर वेळी शहर गाठण्याची गरज नसते. तालुक्याचे डॉक्टरही पट्टी बघू शकतात.

कुत्र्याला पूर्ण विश्रांती, म्हणजे खरोखर पूर्ण. पिंजरा, किंवा पडवीच्या कोपऱ्यात फळ्या लावून केलेली जागा, जिथे तो उठून वळू शकेल पण धावू शकणार नाही. गुळगुळीत फरशीवर काथ्याची चटई किंवा गोणपाट अंथरा. घसरलेला एक पाय सगळं वाया घालवतो. पायऱ्या नाहीत, खाटेवर उडी नाही, मांजरामागे धाव नाही. बाहेर नेताना गळ्यात साखळी आणि पोटाखाली पंचा. पंचाची दोन्ही टोकं वर धरून मागचा भार तुम्ही उचला. शू-शी झाली की परत.

रात्री त्याला बाहेर बांधू नका. बिबट्या वाड्यांपर्यंत येतो आणि तीन पायांचा, साखळीला बांधलेला कुत्रा त्याला सोपा पडतो. मांगरात किंवा घरात, दार लावून.

खाणं थोडं कमी करा, कारण हालचाल बंद आहे आणि वजन वाढलं की सांध्यावर भार येतो. वेदनाशामक पोटात अन्न असताना द्या. उलटी झाली, काळी शी झाली किंवा खाणं सुटलं तर गोळी थांबवून फोन करा.

पट्टी निघाली म्हणजे मोकळा सोडायचा असं नाही. पाय काही दिवस ताठर राहतो, कुत्रा नुसतं बोट टेकवतो, ते ठीक. आणखी तीन-चार आठवडे साखळीनेच, सपाट जमिनीवर, थोडं थोडं. मधेच टेकवत असलेला पाय त्याने पुन्हा उचलून धरला तर सांधा सुटला असण्याची शक्यता आहे. तेव्हा परत एक्स-रे.

शस्त्रक्रिया लागली तर

सांधा पुन्हा सुटला, वेळ निघून गेली किंवा हाड मोडलं असेल, तर दोन वाटा. पहिली, सांधा उघडून गोळा वाटीत बसवायचा आणि तुटलेल्या बंधाच्या जागी मजबूत धागा ओवून तो वाटीला अडकवायचा. सांधा निरोगी असेल तर ही वाट उत्तम, पण तशी साधनं आणि तसा हात हवा. दुसरी, गोळा आणि त्याची मान कापून काढायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण भोवतीचे स्नायू आणि भरून येणारी ऊती मिळून एक खोटा सांधा तयार होतो आणि हाडावर हाड घासणं थांबतं. लहान आणि सडपातळ कुत्री त्यावर फार छान चालतात. मोठ्या कुत्र्यातही होतं, फक्त मेहनत जास्त आणि पाय किंचित आखूड राहतो. महिन्यांपूर्वी निखळलेला आणि तसाच राहिलेला कुत्रा असेल तर त्यालाही ही वाट उघडी आहे. उशीर झाला म्हणून त्याला जन्मभर दुखत ठेवू नका. मोठ्या शहरात सांधा बदलायची शस्त्रक्रियाही होते, खर्च मात्र मोठा.

गोळा काढल्यानंतरची शुश्रूषा पट्टीच्या दिवसांच्या अगदी उलट. तिथे पाय हलू द्यायचा नव्हता, इथे तो लवकरात लवकर वापरायला लावायचा. डॉक्टरांनी परवानगी दिली की कुत्र्याला चांगल्या कुशीवर निजवा. एक हात कमरेवर आणि दुसरा गुडघ्याखाली. पाय सावकाश मागे न्या, जिथे कुत्रा मान वळवतो किंवा अंग आखडतो त्याच्या आधीच थांबा, दोन क्षण धरा आणि तितक्याच सावकाश पुढे आणा. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. त्याआधी वेदनाशामक गोळी पोटात गेलेली आणि पाच मिनिटं कोमट शेकाने स्नायू सैल झालेले असतील तर सोपं जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र शेक नाही, बर्फ. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर चाटू देऊ नका.

चालवताना अगदी हळू चालवा. वेगात चालणारा कुत्रा दुखरा पाय उचलून तिघांवरच निभावतो, हळू चालवला की त्याला चौथा टेकावाच लागतो. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. समुद्र जवळ असेल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर न्या. कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो आणि कुत्रा लवकर दमतो. टाके निघून जखम पूर्ण भरली की घोट्याएवढ्या शांत पाण्यात चालवणं हा मला सगळ्यात आवडणारा व्यायाम. पाण्यात पाय आपोआप उंच उचलावा लागतो. लाटा असतील तर नको, पावसाळ्यात तर नकोच. वाशिष्ठी आणि सावित्री या नद्यांत मगरी आहेत, तिथल्या काठाला कुत्रा पाण्यात घालू नका. घरी आल्यावर खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन अंग कोरडं करा.

आंब्याच्या बागेत राखणीला असलेला कुत्रा बरा झाला की मालकाला त्याला लगेच कलमांत सोडायचं असतं. जांभ्याचे गडगे, उतार, माकडांमागची आणि रात्री डुकरांमागची धाव यांसाठी किमान दोन-तीन महिने थांबा. सोडण्याआधी दोन्ही मांड्या दोन हातांत धरून बघा. दुखरी मांडी अजून बारीक लागत असेल तर आणखी थोडे दिवस साखळीनेच फिरवा.